काट्यापाशी उभा राहणारा विश्वास

(तरुणांच्या वर्गासाठी पाठ. वाचावयाचे भाग : दानीएल, अध्याय १, लूक २:४१-५२, इफिसकरांस ६:१-४)



तेरा ते एकोणीस ही वर्षे मोठ्या अडचणीची असतात. या वयाच्या मुलास लहान म्हणून कोणी सोडून देत नाही, व मोठा म्हणून कोणी विचारीतही नाही. शेतात त्याच्याकडून पुऱ्या गड्याचे काम घेतात. परंतु माल कोठे विकावा, पैसा कशात घालावा, कोणाचे देणे आधी फेडावे, या बोलण्यात त्यास जागा नसते. मुलीची गोष्ट याहून कठीण. ती तर घरातील चूल व शेतातील वेचणी ही दोन्ही ओझी वाहते आणि तिचे मत विचारण्याची चालच नाही. मंडळीतही बहुधा असेच घडते. बाप्तिस्म्याच्या वर्गात तरुणास प्रश्न विचारतात. पण सोमवारी बांधावर तो कसा वागला हे कोणी विचारीत नाही. म्हणून पुष्कळांची अशी समजूत होऊन बसते की, विश्वास हा रविवारचा, आणि उरलेले सहा दिवस वडीलधाऱ्यांचे. या पाठात आपणास त्या सहा दिवसांचाच विचार करावयाचा आहे.

१. प्रश्न कोणता आहे?

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. खामगावास कापसाच्या व्यापारासाठीच जलंबहून रेल्वेचा फाटा नेला, व तो १८७० साली सुरू झाला. तेव्हापासून आजवर या जिल्ह्यातील किती तरी घरांची लग्ने, औषधपाणी व शाळेची फी कापसाच्या बोंडावरच अवलंबून राहिली आहे. सोयाबीन आले तरी ही गोष्ट अगदी बदलली आहे असे नाही.

आता असे समजा की, एका ख्रिस्ती घरी वेचणी संपली आहे. कापूस ओसरीत रचून ठेवला आहे व उद्या पहाटे गाडी भरावयाची आहे. संध्याकाळी वडील आपल्या पंधरा वर्षांच्या मुलास म्हणतात, "बादली आण, अन् कापसावर जरा पाणी मार." एका क्विंटल कापसावर पाच लिटर पाणी मुरले की काट्यावर पाच किलो वजन वाढते, हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाही. हे वडील दुष्ट आहेत काय? मुळीच नाहीत. ते उपासनेस येतात, दान देतात, प्रार्थना करतात. परंतु कृषिकेंद्राची उधारी राहिली आहे, पाऊस ऐन वेळी गेला आहे, व थोरल्या मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. कर्जाच्या ओझ्याखाली या जिल्ह्यातील किती घरे मोडली हे आपण जाणतोच. तेव्हा ही बादली लोभाने नव्हे, तर भीतीने मागितलेली आहे.

मुलगा मात्र दाराशी उभा आहे. दहा आज्ञांपैकी आईबापांचा मान राखण्याची आज्ञा त्याने पाठ केली आहे. चोरी न करण्याची आज्ञाही त्याने पाठ केली आहे. आजवर या दोन आज्ञा त्याच्या वहीत एकाखाली एक सुखाने नांदत होत्या. आज त्या समोरासमोर उभ्या राहिल्या. त्याने कोणती पाळावी?

कापसातील ही लबाडी आजची नव्हे. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेत आपसांतील युद्ध चालले, तेथील कापूस विलायतेस जाईना, व आपल्या देशातील कापसाला अतोनात भाव चढला. भावाबरोबर भेसळही वाढली. इतकी की, ती बंद करण्यासाठी १८६३ साली मुंबई इलाख्यात खास कायदा करावा लागला. कायदे झाले, काटे बदलले, यंत्रे आली. पण बादली अजून गेली नाही. यावरून असे दिसते की, ही गोष्ट केवळ शिपायाच्या दंडुक्याने सुटणारी नव्हे. ती घराच्या ओसरीतच सुटली पाहिजे.

२. दानीएलाने काय केले?

दानीएल व त्याचे तीन सोबती हे बाबेलास नेले गेले तेव्हा तरुणच होते. परका देश, परकी भाषा, नावेही बदललेली. राजाच्या ताटातील अन्न व द्राक्षारस यांनी आपणास विटाळ होऊ द्यावयाचा नाही, असे दानीएलाने मनात ठरविले. येथवरची गोष्ट आपण सर्वांनी शब्बाथशाळेत ऐकली आहे. परंतु पुढे त्याने हा निश्चय कोणत्या रीतीने पाळला, इकडे आपले लक्ष थोडे जाते. ते नीट पाहू या.

पहिली गोष्ट अशी की, त्याने ताट लाथाडले नाही. त्याने विनंती केली. निश्चय पक्का होता, पण जीभ नम्र होती.

दुसरी गोष्ट अशी की, त्याने समोरच्या माणसाची भीती ऐकून घेतली. अधिकाऱ्याच्या मनात दानीएलाविषयी ममता होती. पण ही मुले वाळलेली दिसली तर राजा माझे डोके उडवील, हे भय त्याने बोलून दाखविले. दानीएलाने त्यावर त्यास भित्रा म्हटले नाही, किंवा विश्वासहीन म्हणून हिणविले नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. त्याने भीतीला उत्तर दिले, व ते स्वतःच्या अंगावर घेऊन दिले. दहा दिवस आम्हांस शाकान्न व पाणी देऊन पाहा, मग आमचे चेहरे पाहून काय ते ठरवा, असे तो कारभाऱ्यास म्हणाला. म्हणजे त्याने नुसता नकार दिला नाही. त्याबरोबर एक वाट दाखविली, आणि त्या वाटेवरचे कष्ट आपणच सोसले.

तरुणांनो, या पाठाचा मुख्य बोध हाच आहे. पापास नकार देणे हे अर्धे काम होय. ज्याच्या भीतीमुळे ते पाप आपल्या दाराशी आले, त्याच्या ओझ्याला खांदा देणे हे उरलेले अर्धे. जो नुसता नकार देतो तो बहुधा घरात भांडण लावतो. जो नुसता खांदा देतो तो पापात भागीदार होतो. दोन्ही एकत्र केली म्हणजे ती ख्रिस्ती वागणूक होते.

मग त्या ओसरीतील मुलाने काय म्हणावे? असे म्हणावे, "बाबा, हे एक काम मले सांगू नका, बाकी म्हणाल ते करतो." आणि 'बाकी' म्हणजे काय हे त्याने हातांनी दाखवावे. सकाळचे दव वाळल्यावर वेचणी केली, पाचोळा व कवडी वेगळी काढली, पावसात भिजलेला माल कोरड्यात मिसळला नाही, आणि प्लास्टिकच्या पोत्यांऐवजी सुती कापडात कापूस भरला, तर मालाचा दर्जा राहतो व भाव मागावयास तोंड राहते. त्या रात्री कंदील किंवा दिवा घेऊन कवडी निवडावयास बसणारा मुलगा आपल्या बापास जे सांगतो, ते शंभर उपदेशांनी सांगता येत नाही.

पाण्याने नुकसानही होते, हे वडिलांस नम्रपणे सांगण्यास हरकत नाही. ओला कापूस रचून ठेवला की आतून तापतो, रुई पिवळी पडते व सरकीही बिघडते. सीसीआयच्या खरेदी केंद्रावर ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत असला तर कपात होत नाही, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत भाव कापतात, व त्याहून अधिक असला तर कापूस परत पाठवितात. तथापि एक गोष्ट विसरू नका. खरेपणाने फायदा होतो म्हणून आपण खरे वागत नाही. एखाद्या वर्षी खरे वागून तोटाही होईल. दानीएलास दहा दिवसांनी चांगले फळ दिसले. त्याच्या तिघा मित्रांस पुढे भट्टीत जावे लागले. दोन्ही वेळी देव तोच होता.

३. नासरेथची अठरा वर्षे

लूकाच्या शुभवर्तमानात प्रभु येशूच्या तरुणपणाची एकच गोष्ट सांगितली आहे. तो बारा वर्षांचा असता यरुशलेमेस मंदिरात मागे राहिला, व आईबापांनी त्यास शोधून काढिले. आपणास आपल्या पित्याच्या घरी असणे अगत्याचे आहे, ही जाणीव त्याने त्या वयात स्पष्ट बोलून दाखविली. मग काय झाले? तो त्यांच्याबरोबर नासरेथास परत गेला व त्यांच्या आज्ञेत राहिला.

हे वाक्य आपण भरभर वाचून पुढे जातो. पण त्यात सुमारे अठरा वर्षे सामावली आहेत, कारण कार्यास आरंभ केला तेव्हा तो सुमारे तीस वर्षांचा होता. ज्याने शास्त्र्यांस थक्क केले, तो सुताराच्या घरी फळ्या तासीत राहिला. यावरून दोन गोष्टी ठरतात. एक, देवाचा हक्क आईबापांच्या हक्काहून थोर आहे. दुसरी, हा थोर हक्क ओळखणारा मुलगा घरास अधिक उपयोगी पडतो, कमी नव्हे. जो म्हणतो की मी प्रार्थनासभेस जातो, म्हणून मला गुरे पाजावयास सांगू नका, त्याने नासरेथचा पाठ अजून वाचला नाही.

पौलानेही इफिसकरांस लिहिताना मुलांनी आईबापांच्या आज्ञेत राहावे असे सांगून त्यास प्रभूच्या नावाची मर्यादा घातली आहे. मर्यादेच्या आत आज्ञापालन पुरे असावे. मर्यादेपाशी आले म्हणजे आदराने थांबावे.

४. तीन सबबी

पहिली सबब : "सर्वच असे करतात." ही सबब शाळेतही ऐकू येते. ३ मार्च २०२३ रोजी बारावीच्या गणिताच्या पेपराची पाने परीक्षेची वेळ होण्याआधीच बाहेर पडल्याचे आपल्याच जिल्ह्यात, सिंदखेडराजा भागात, उघडकीस आले व त्याची चर्चा विधिमंडळापर्यंत गेली. ते काम मोठ्या माणसांचे होते. परंतु विचार करा : मोबाइलवर आलेले असे पान उघडावे की न उघडावे, हे शेवटी कोणाच्या अंगठ्यावर राहते? त्या क्षणी ना पाळक जवळ असतो, ना आई. तेथे तरुण व त्याचा प्रभु हे दोघेच असतात. वर्षभर न झोपता अभ्यास केलेल्या, खेड्यातील एखाद्या गरीब मुलीचे गुण आपण त्या पानाने चोरतो, हे ध्यानात आले म्हणजे ती 'सर्वांची' चाल आपोआप कडू लागते.

दुसरी सबब : "व्यापाऱ्याचा काटाच खोटा, मग आम्ही का खरे राहावे?" ही सबब पोकळ नाही. गरिबाच्या मापात मारणाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने किती कडक शब्द उच्चारले ते आठव्या अध्यायात वाचा. आपल्या वऱ्हाडातही हा अन्याय इतका जुना आहे की, १८८६ साली कारंजा येथे नियमबद्ध बाजार सुरू झाला, आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. तेव्हा काट्यात खोट असली तर गप्प बसावे असे शास्त्र सांगत नाही. गाडी आधी धर्मकाट्यावर वजन करून न्यावी, पावती मागावी, चौघांनी मिळून बाजार समितीकडे तक्रार करावी. परंतु खोट्या काट्यावर खोटा माल घातला तर दोन खोटी मिळून एक खरे होत नाही. आणि तक्रार करावयास गेलेल्याच्या हातून पाणी गळत असले तर त्याचे ऐकणार कोण?

तिसरी सबब : "एवढ्याशा गोष्टीने काय होते?" मजुरीने वेचावयास गेलेली मुलगी गाठोड्यात एक ढेकूळ घालते. ढेकूळ लहानच असते. पण थोडक्यात जो विश्वासू तो पुष्कळातही विश्वासू, हा प्रभूचा नियम लूकाच्या सोळाव्या अध्यायात आहे, आणि तो तरुणांसाठीच सांगितला आहे असे वाटते. कारण तुमच्या हाती आज थोडकेच आहे. हे थोडके म्हणजेच तुमची शाळा.

५. ज्यांचे घर ख्रिस्ती नाही

आपल्या वर्गात अशीही मुले येतात की ज्यांचे आईबाप प्रभूला मानीत नाहीत. त्यांची अडचण फार जुनी आहे. १८४३ साली मुंबईस नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, सुमारे बारा वर्षांचा, मिशनरीच्या घरी राहिला होता. वडिलांनी न्यायालयाकडे दाद मागितली, व मुलगा वडिलांच्या स्वाधीन करावा असा निकाल झाला. पुढे त्यास जातीत परत घ्यावे की नाही यावर मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्यास परत घेण्याच्या बाजूने खटपट केली.

त्या मुलाच्या मनावर काय गुजरले असेल! एका बाजूस भाऊ, दुसऱ्या बाजूस बाप, आणि मध्ये वादविवाद करणारे थोर लोक. आज कायद्याने १८ वर्षांखालील मूल अज्ञान समजले जाते, आणि ते योग्यच आहे. अशा मुलास घरापासून तोडणे हे उपदेशकाचे काम नव्हे. तुझा विश्वास तुझ्याच घरात कसा जगेल, हे त्यास शिकविणे हे आपले काम. नामानाच्या घरातील दासी आठवा. ती धरून आणलेली लहान मुलगी; ना मंदिर जवळ, ना सोबती. तरी धन्याचे दुखणे पाहून तिच्या तोंडून द्वेषाचा नव्हे, हिताचा शब्द निघाला. घरच्यांचे भले चिंतणे हे प्रत्येकास, कोणत्याही घरात, आजच करता येते.

नारायण शेषाद्री पुढे आपल्या शेजारच्या जालन्यास येऊन राहिले, मातंग समाजात त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले, व तेथे बेथेल नावाची वस्ती वसविली. घर दुरावलेल्या त्या तरुणाने अखेर ज्यांना गावात घर नव्हते त्यांच्यासाठी घरे उभारली.

६. विश्वास हातांत दिसतो

१८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली व विधवा आणून त्यांस आश्रय दिला. केडगावच्या मुक्तिसदनात त्या नुसत्या प्रार्थना करीत बसल्या नाहीत. शेती, विणकाम, स्वयंपाक व छापखाना ही कामे त्या शिकल्या. रमाबाईंनी सोप्या मराठीत केलेले पवित्र शास्त्राचे भाषांतर तेथील छापखान्यात स्त्रिया व मुली यांच्याच हातांनी छापले गेले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूकडे गेल्या, व संपूर्ण शास्त्र १९२४ साली प्रसिद्ध झाले.

खिळे जुळविणे म्हणजे काय, याची कल्पना करा. एकेक अक्षर वेचून ओळीत बसवावे लागते. एक काना चुकला तर शब्द बदलतो. त्या मुलींपैकी बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. परंतु कंटाळा न करता, कोणी पाहत नसता, प्रत्येक मात्रा जागच्या जागी बसविणे हीच त्यांची साक्ष होती. तुमची पाटी, तुमचे खुरपे, तुमची गुरे, तुमचे धुणे हे तुमचे खिळे आहेत.

७. वडील व उपदेशक यांस दोन शब्द

हा पाठ केवळ मुलांस शिकवून वर्ग संपवू नये. पौलाने मुलांस सांगून झाल्यावर लगेच बापांस सांगितले की, मुलांस चिडीस आणू नका. जो बाप मुलाकडून बादली मागवितो, तो पाच किलोच्या किमतीस मुलाचे मन विकतो. आणि ते पुन्हा विकत घेता येत नाही. मुलगा आदराने थांबला तर, बापहो, त्यास मारू नका. तो तुमच्याविरुद्ध उभा नाही. तुमच्या भीतीविरुद्ध उभा आहे.

मंडळीच्या वडिलांसही विचारावेसे वाटते की, ज्या घराने खरेपणासाठी तोटा सोसला, त्या घराकडे आपण जातो काय? चार घरांनी मिळून एकत्र माल नेला, भाड्याचा खर्च वाटून घेतला, बियाण्याच्या वेळी एकमेकांस हात दिला, तर किती तरी बादल्या विहिरीपाशीच राहतील. तरुणाने एकट्याने दानीएल व्हावे आणि आपण प्रेक्षक व्हावे, हे बरोबर नाही. दानीएलासही तीन सोबती होते.

आता हंगाम संपला की आपण उपकारस्तुतीच्या सभेस पहिला कापूस व धान्य घेऊन येऊ. वेदीपाशी ठेवलेला तो कापूस कोरडा असो.

वर्गात विचारावयाचे प्रश्न : (१) दानीएलाने नकाराबरोबर कोणती वाट सुचविली? तुमच्या घरी अशी कोणती वाट सुचविता येईल? (२) वडिलांची कोणती भीती तुम्ही आजवर ऐकून घेतली नाही? (३) या आठवड्यात कोणी पाहत नसता नीट करावयाचे एक काम निवडा, व पुढील रविवारी ते झाले की नाही एवढेच सांगा.

प्रार्थना : हे प्रभो, तू नासरेथच्या घरात काम केलेस. आमच्या घरांतील भीती तू जाणतोस. आम्हा तरुणांस खोट्याला नाही म्हणण्याचे धैर्य, व घरच्यांच्या ओझ्याला खांदा देण्याचे प्रेम, ही दोन्ही एकत्र दे. आमेन.